उसाच्या खताचा हिशेब : प्रस्तावना

ऊस हे बारा ते अठरा महिने शेतात उभे राहणारे आणि जमिनीतून अन्नद्रव्यांची मोठी उचल करणारे पीक आहे. एक टन ऊस तयार होताना ढोबळमानाने एक किलोच्या आसपास नत्र, त्याच्या निम्म्याच्या आसपास स्फुरद आणि नत्राहून बरेच अधिक पालाश पिकात जाते. हे भरून काढण्यासाठी महाराष्ट्रात वापरात असलेल्या शिफारशी हंगामानुसार ठरलेल्या आहेत. हेक्टरी नत्र, स्फुरद व पालाश यांची मात्रा सुरू उसाला 250:115:115 किलो, पूर्वहंगामीला 340:170:170 किलो आणि आडसालीला 400:170:170 किलो अशी आहे. आडसालीचे सगळे नत्र युरियातून द्यायचे ठरवले तर एकरी साधारण पावणेआठ गोण्या लागतात. प्रत्यक्षात अनेक बागायतदार यापेक्षा जास्त टाकतात, काही जण निम्म्यावर भागवतात आणि एकाच शिवारात, एकाच जातीच्या उसाला दोन शेजाऱ्यांचे डोस वेगळे असतात.

खत किती द्यावे, कोणते द्यावे, केव्हा द्यावे आणि त्यातून काय सुटते, हे या विषयाचे साधे प्रश्न. त्यांची उत्तरे अवघड होतात ती एका कारणाने. डोस ठरवतो शेतकरी, पण त्याचा खर्च चार ठिकाणी पडतो. गोणीची किंमत शेतकऱ्याच्या वहीत पडते, अनुदान सरकारी तिजोरीतून जाते, साखरेचा उतारा घटला तर तोटा कारखान्याच्या सगळ्या सभासदांत वाटला जातो, आणि जमीन चोपण झाली किंवा विहिरीचे पाणी नायट्रेटने बिघडले तर तो खर्च पुढच्या पिढीच्या नावावर चढतो. या चारही ठिकाणच्या जमाखर्चाची बेरीज एका कागदावर क्वचितच मांडली जाते. उसाच्या खताचे अर्थशास्त्र म्हणजे ही बेरीज मांडण्याची खटपट होय.

दख्खनच्या पठारावर विहिरीवरचा ऊस जुना आहे. शेणखत, शेतात बसवलेली मेंढरे, हिरवळीची पिके आणि पुण्यासारख्या शहरांजवळ सोनखत ही त्याची खते होती. 1885 साली नीरा डावा कालवा सुरू झाला आणि पुढे गोदावरी व प्रवरा खोऱ्यांतही कालवे आले. त्यांच्या पाण्यावर ऊस हे भांडवली पीक बनले. सासवडच्या माळी बागायतदारांनी कालव्यावर जमिनी खंडाने घेऊन ऊस केला, तो एरंडी व शेंगदाणा पेंडीच्या जोरावर. गुळाच्या उसात खत हीच खर्चाची मोठी बाब असे. पेंड गाड्यांनी आणावी लागे, उसनवारी करून घ्यावी लागे आणि गुळाचा भाव उतरला की पेंडीची उधारी बागायतदाराच्या मानगुटीवर बसे. पुण्याजवळच्या मांजरी येथील सरकारी शेतावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत खत आणि पाणी यांचे प्रयोग झाले आणि दोन्हींत बचत करूनही उत्पादन टिकवता येते का, हा प्रश्न तेथे पद्धतशीरपणे तपासला गेला. 1932 साली पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र सुरू झाले. त्याच वर्षी साखर उद्योगाला जकातीचे संरक्षण मिळाले आणि दख्खनमध्ये खासगी साखर कारखानदारी वाढू लागली. पेंडीच्या जोडीला अमोनियम सल्फेट आले ते याच काळात.

गुळाकडून साखरेकडे झालेल्या या वळणाचा खताच्या हिशेबावर खोल परिणाम झाला, पण त्याची चर्चा कमी होते. गुळाच्या उसाला नत्र जास्त झाले की गूळ काळपट पडतो, घट्ट बसत नाही, लवकर पाझरतो. बागायतदाराला याचा दंड गुऱ्हाळावर आणि नंतर अडत्याच्या दुकानात, भावाच्या रूपाने लगेच भरावा लागे. कोल्हापूरच्या गूळ उत्पादकांत आजही हे भान दिसते. कारखान्याला ऊस वजनावर जाऊ लागला तेव्हा दर्जाचा हा चाबूक शेतकऱ्याच्या पाठीवरून निघून गेला.

स्वातंत्र्यानंतर खताला आणखी दोन आधार मिळाले. पहिला सहकाराचा. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेचा सहकारी कारखाना 1950 च्या हंगामात उभा राहिला आणि त्याच्या पाठोपाठ कारखाना, विविध कार्यकारी सोसायटी व जिल्हा बँक यांची साखळी तयार झाली. पीककर्जाचा काही भाग खताच्या रूपाने मिळू लागला आणि वसुली थेट उसाच्या बिलातून होऊ लागली. हमखास गिऱ्हाईक आणि हमखास वसुली असल्याने इतर पिकांना न मिळणारे कर्ज उसाला मिळाले, आणि कर्जाबरोबर खतही मिळाले. दुसरा आधार देशी खत कारखान्यांचा. 1951 मध्ये सिंद्रीचा कारखाना सुरू झाला, साठच्या दशकात तुर्भ्याचा. ‘सुफला’ आणि ‘उज्ज्वला’ ही नावे महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत पोचली ती तुर्भ्याहून. पेंडीचे युग मागे पडले आणि गोणीचे युग सुरू झाले.

या विषयाच्या अभ्यासात चार मुख्य विचारधारा दिसतात. त्या एकमेकींच्या विरोधात उभ्या नाहीत. प्रत्येकीने हिशेबाचा एकेक रकाना भरला आहे.

पहिली धारा प्रतिसादाच्या वक्राची. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात सर्वांत कमी असलेले अन्नद्रव्य उत्पादनाची मर्यादा ठरवते, हा नियम रूढ केला. पालाश कमी असलेल्या रानात युरियाच्या गोण्या वाढवून काही साधत नाही, हे या नियमाचे रोजचे रूप. विसाव्या शतकाच्या आरंभी मिट्शर्लिख याने खताच्या प्रत्येक पुढच्या मापाला उत्पादनातील वाढ कमी कमी होत जाते, हे सूत्रात मांडले. कृषी अर्थशास्त्रज्ञांनी या दोन्हींवरून व्यवहाराचा नियम काढला. शेवटच्या किलो खतातून मिळणाऱ्या जादा उसाची किंमत त्या किलोच्या किमतीइतकी होते, तेथे थांबावे. हा बिंदू सर्वाधिक उत्पादनाच्या बिंदूच्या अलीकडे असतो. सर्वाधिक टन आणि सर्वाधिक नफा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा या धारेचा पाया. एकरी शंभर टनांचे ध्येय सांगणारी भाषणे आणि एकरी 30 ते 40 टनांच्या दरम्यान घुटमळणारी राज्याची सरासरी यांच्यामध्ये हा फरक सहसा हरवून जातो.

दुसरी धारा मातीपरीक्षणाची. 1967 च्या सुमारास राममूर्ती व त्यांच्या सहकाऱ्यांनी अपेक्षित उत्पादनावर आधारित खतमात्रेची पद्धत मांडली आणि भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या समन्वित योजनेतून ती देशभर नेली गेली. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ या योजनेचे एक केंद्र आहे. पद्धत सोपी आहे. किती टन ऊस हवा ते आधी ठरवायचे, त्याला लागणाऱ्या अन्नद्रव्यातून जमिनीत असलेले व शेणखतातून मिळणारे वजा करायचे आणि उरलेले गोणीतून द्यायचे. एका हंगामाची एकच शिफारस सगळ्या जिल्ह्यांना लावण्याऐवजी प्रत्येक रानाचा स्वतंत्र हिशेब त्यामुळे शक्य होतो. 2015 साली आलेल्या मृद् आरोग्य पत्रिकेमागे हीच कल्पना होती. प्रश्न उरतो तो नमुना नीट घेण्याचा, अहवाल लागणीपूर्वी हातात पडण्याचा आणि त्यातील आकडे दुकानात मिळणाऱ्या गोण्यांत बदलून सांगणारे कोणी जवळ असण्याचा.

तिसरी धारा किंमत आणि अनुदान यांची. अमेरिकेतील खताच्या मागणीवर ग्रिलिखेस यांनी 1958 साली केलेल्या अभ्यासाने खताचा खप मुख्यतः खताच्या आणि पिकाच्या किमतींच्या प्रमाणावर हलतो, हे दाखवले. भारतात मराठे समितीच्या शिफारशीवरून 1977 मध्ये धारण किमतीची योजना आली. कारखान्याला उत्पादनखर्चानुसार रक्कम आणि शेतकऱ्याला एक ठरावीक स्वस्त दर, असे तिचे स्वरूप होते. ऑगस्ट 1992 मध्ये स्फुरद व पालाश खते नियंत्रणमुक्त झाली, युरिया मात्र नियंत्रणात राहिला. देशातील नत्र, स्फुरद व पालाश यांच्या वापराचे प्रमाण 1991-92 मध्ये 5.9:2.4:1 होते, पुढच्याच वर्षी ते 9.5:3.2:1 झाले. 2010 च्या एप्रिलपासून अन्नद्रव्यावर आधारित अनुदान सुरू झाले, पण त्यातही युरिया बाहेरच ठेवला गेला. एका धोरणाने केलेला असमतोल दुसऱ्या धोरणाने पक्का केला, अशी या धारेतील बहुतेक अभ्यासकांची टीका आहे.

चौथी धारा संस्थांची. तिचे मूळ गाडगीळांच्या कामात आहे. गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या लाभक्षेत्राची पाहणी करून गोखले अर्थशास्त्र संस्थेतर्फे 1948 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाने पाणी, पीक, मजुरी, व्यापार आणि कर्ज यांचा एकत्र विचार कसा करावा, याचा नमुना घालून दिला. खताचा डोस हा शेतकऱ्याच्या डोक्यातील गणिताइतकाच सोसायटीच्या कर्जमंजुरीच्या तारखेवर, कालव्याच्या पाळीवर आणि कारखान्याच्या तोडणी कार्यक्रमावर ठरतो, हे या दृष्टीने पाहिले की लक्षात येते.

या चारही धारा एकत्र आणल्यावर काय दिसते, ते एका गोणीच्या हिशेबावरून स्पष्ट होईल. 45 किलोच्या युरियाच्या गोणीची किंमत 266 रुपये 50 पैसे आहे. तीत 46 टक्क्यांप्रमाणे 20.7 किलो नत्र असते. म्हणजे एक किलो नत्र सुमारे 13 रुपयांना पडते. 50 किलोची डीएपीची गोणी 1,350 रुपयांना धरली, तीतील नऊ किलो नत्राची किंमत युरियाच्या दराने वजा केली, तर उरलेले 23 किलो स्फुरद किलोला सुमारे 54 रुपये दराने पडते. 2025-26 च्या हंगामासाठी 10.25 टक्के उताऱ्याला उसाची एफआरपी (रास्त व किफायतशीर दर) क्विंटलला 355 रुपये, म्हणजे टनाला 3,550 रुपये आहे. महाराष्ट्रात तीतून तोडणी-वाहतूक वजा होते. हाती येणारी रक्कम उदाहरणापुरती टनाला 2,700 रुपये धरली, तर एक किलो नत्राचे पैसे फिटायला पाच किलोहूनही कमी ऊस पुरतो. एक किलो स्फुरदाला मात्र वीस किलो लागतो.

याचा अर्थ असा की नत्राच्या बाबतीत सर्वाधिक नफ्याचा बिंदू जवळजवळ सर्वाधिक उत्पादनाच्या बिंदूवर जाऊन बसतो. पाठ्यपुस्तक ज्या दोन बिंदूंत अंतर ठेवायला सांगते, ते अंतर किमतीने पुसून टाकले आहे. त्यातच पाऊस किती पडेल, पाळी केव्हा मिळेल, टाकलेल्या नत्रातले किती वाहून जाईल, याची खात्री नसते. अशा वेळी एक गोणी जास्त टाकणे हा स्वस्तात मिळालेला विमा ठरतो. म्हणून शेतकरी अडाणीपणाने युरिया जास्त टाकतो, हे नेहमीचे निदान अपुरे आहे. समोर ठेवलेल्या किमतींना तो चोख प्रतिसाद देतो. ज्या किमती त्याच्यासमोर नाहीत, त्या त्याच्या हिशेबात येत नाहीत, इतकेच.

त्या न दिसणाऱ्या किमतींत पहिली उताऱ्याची. नत्र जास्त आणि उशिरा दिले की ऊस हिरवा राहतो, पक्व व्हायला वेळ लागतो, लोळतो आणि रसातील साखर घटते. पण एफआरपी ठरते कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर. एका शेतकऱ्याच्या उसातील साखर अर्ध्या टक्क्याने कमी झाली तरी तोटा हजारो सभासदांत वाटला जातो आणि जादा वजनाचा लाभ मात्र त्याच्या एकट्याच्या बिलात येतो. ब्राझील व ऑस्ट्रेलियात उसाचे पैसे ज्याच्या-त्याच्या उसातील साखरेवर ठरतात. तेथे खताचा निर्णय आणि त्याचा परिणाम एकाच माणसाच्या वहीत पडतो. महाराष्ट्रात लहान खातेदारांची संख्या आणि प्रत्येक खेपेचा नमुना तपासण्याचा खर्च पाहता ही पद्धत जशीच्या तशी आणणे कठीण आहे. तरीही या प्रश्नाला बगल देऊन डोस कमी करण्याचा उपदेश फारसा उपयोगी पडत नाही.

दुसरी न दिसणारी किंमत वेळेची. शिफारशीनुसार नत्राचा दहा टक्के भाग लागणीला, चाळीस टक्के सहा ते आठ आठवड्यांनी, दहा टक्के बारा ते सोळा आठवड्यांनी आणि उरलेला चाळीस टक्के मोठ्या बांधणीला द्यायचा असतो. स्फुरद आणि पालाश यांचे निम्मे-निम्मे भाग लागणीला व बांधणीला. कागदावर ही विभागणी नेटकी दिसते. पण बांधणीच्या वेळी दुकानात युरिया नसला, किंवा युरियाबरोबर दुसरे उत्पादन घेण्याची सक्ती म्हणजे ‘लिंकिंग’ झाले, तर शेतकरी पुढच्या वेळी आधीच गोण्या भरून ठेवतो आणि मिळतील तेव्हा टाकतो. कर्जाची रक्कम उशिरा मिळाली तर उधारीवर घेतलेल्या गोणीचा खरा भाव छापील किमतीपेक्षा वाढतो. एकूण मात्रा बरोबर असूनही चुकलेल्या वेळेने पैसा वाया जातो. पाटपाण्याच्या उसात टाकलेल्या नत्रातले निम्म्याहून कमीच पिकाला लागते. बाकीचे हवेत उडते, पाण्याबरोबर खाली जाते किंवा जमिनीतच अडकते.

खोडव्याकडे पाहिले की हा मुद्दा आणखी ठळक होतो. खोडव्याला बेणे नाही, पूर्वमशागत नाही. म्हणून दर टन खर्चात खताचा वाटा मोठा, आणि तरीही खोडवा हेच सर्वांत दुर्लक्षित पीक. जुनी रीत म्हणजे पाचट पेटवायचे, बगला फोडायच्या आणि खत फेकून पाणी सोडायचे. राहुरी विद्यापीठाने सुचवलेल्या पद्धतीत पाचट सरीत ठेवून त्यावर थोडा युरिया, सुपर फॉस्फेट आणि कुजवणारे जिवाणू टाकतात. मग बुडख्यापासून 10 ते 15 सेंटिमीटर अंतरावर पहारीने 15 ते 20 सेंटिमीटर खोल भोक घेऊन त्यात खत घालतात. दोन भोकांत साधारण फुटाचे अंतर, पहिला हप्ता पंधरा दिवसांच्या आत सरीच्या एका बाजूला, दुसरा सुमारे 135 दिवसांनी दुसऱ्या बाजूला. पहारीचे काम मजुरीचे आहे, त्यामुळे खतात वाचलेला पैसा मजुरीत किती जातो हे मोजल्याखेरीज तिची किफायत ठरत नाही. पण हेक्टरी आठ-दहा टन पाचट जाळणे म्हणजे त्यातील 40 ते 50 किलो नत्र आणि तीन-चार टन सेंद्रिय कर्ब जाळणे, हा हिशेब कोणत्याही वहीत मांडता येतो.

आज या विषयाची निकड वाढली आहे, त्याची कारणे शेताबाहेरची आणि शेतातली अशी दोन्ही आहेत. भारत पालाश जवळजवळ सगळे आयात करतो, स्फुरदाचा कच्चा माल बहुतांश बाहेरून येतो आणि युरियाचे कारखाने मोठ्या प्रमाणात आयात केलेल्या वायूवर चालतात. 2022 च्या युक्रेन युद्धानंतर जागतिक भाव भडकले आणि 2022-23 मध्ये केंद्राचे खत अनुदान अडीच लाख कोटी रुपयांच्या आसपास गेले. युरियाच्या गोणीचा भाव वाढला नाही, म्हणून शेतकऱ्याला या भडक्याची झळ युरियात लागली नाही. ती संयुक्त खते आणि पोटॅशमध्ये लागली. परिणामी महाग झालेले पालाशच आधी कापले गेले, जे उसाला सर्वांत जास्त लागते.

पालाशाचा प्रवास उसाच्या अर्थकारणात वेगळाच आहे. शेतातून उचललेले पालाश साखरेत जात नाही. ते रसातून मळीत, मळीतून आसवनीच्या सांडपाण्यात आणि तेथून बॉयलरच्या राखेत जाते. इथेनॉल वाढले तसे हे प्रमाणही वाढले. ऑक्टोबर 2021 पासून मळीपासून मिळणाऱ्या 14.5 टक्क्यांच्या पोटॅशला अन्नद्रव्य आधारित अनुदानात जागा मिळाली. उसाच्या पट्ट्यातून निघालेले पालाश त्याच पट्ट्यात परत आणण्याचा हा मार्ग आहे. प्रेसमडचे कंपोस्ट, पाचट, हिरवळीचा ताग व धैंचा, आणि ॲसिटोबॅक्टरसारखी जिवाणू खते यांचाही याच दृष्टीने विचार करावा लागतो. नत्र स्थिर करणाऱ्या या ॲसिटोबॅक्टरचा शोध 1988 मध्ये ब्राझीलमधील उसात लागला. तेथे उसाला दिले जाणारे नत्र महाराष्ट्राच्या शिफारशींच्या तुलनेत बरेच कमी असते. तेथील हवामान, पावसावरचा ऊस आणि खोडव्यांची संख्या वेगळी असल्याने थेट तुलना करता येत नाही, पण जास्त नत्र म्हणजेच जास्त ऊस, हे समीकरण अटळ नाही एवढे त्यातून कळते.

शेतातली कारणे पाण्याशी जोडलेली आहेत. कृष्णा-वारणा काठच्या सांगली-कोल्हापूर पट्ट्यात अति पाण्याने आणि निचऱ्याअभावी हजारो एकर जमीन क्षारपड झाली. तेथे खताचा प्रतिसादच मंदावतो, आणि तो वाढवायला शेतकरी आणखी खत टाकतो. जमिनीखालून निचऱ्याचे पाइप घालणे हा महाग, पण अनेकदा खताच्या गोणीपेक्षा किफायतशीर उपाय ठरतो. ठिबकातून विद्राव्य खत दिल्यास मात्रा कमी करूनही उत्पादन टिकते, असे प्रयोगांचे निष्कर्ष आहेत. पण विद्राव्य खताचा भाव गोणीच्या भावाच्या कितीतरी पट असतो. पाणी आकारणी क्षेत्रावर होत असेल आणि युरिया स्वस्त असेल, तर बचतीचा लाभ शेतकऱ्यापर्यंत पोचतच नाही. तंत्र उपलब्ध असून ते पसरत का नाही, याचे उत्तर अनेकदा किमतींच्या या मांडणीतच सापडते.

प्रस्तुत ग्रंथाची रचना या पार्श्वभूमीवर झाली आहे. कृषिविद्या, मृदाशास्त्र, सहकार आणि सार्वजनिक वित्त या शाखांत विखुरलेले ज्ञान एका विषयाभोवती आणणे, हा त्याचा पहिला हेतू. दुसरा हेतू हिशेबाची पद्धत शिकवण्याचा. कृषिमूल्य आयोगाच्या रोख खर्च, घरची मजुरी धरून होणारा खर्च आणि सर्वसमावेशक खर्च या तीन पातळ्यांवर खताचा वाटा कसा बदलतो, प्रतिसादाचा वक्र स्थानिक आकड्यांवरून कसा काढावा, लागण आणि खोडवा मिळून एकत्र हिशेब का करावा, आणि अनुदान वजा करून व धरून असे दोन निष्कर्ष शेजारी कसे मांडावेत, याची साधने येथे दिली आहेत. भाव दर हंगामाला बदलतात, म्हणून आकड्यांपेक्षा मांडणीवर भर आहे. आजचा भाव घालून वाचकाला स्वतःचे उत्तर काढता यावे, अशी ती आहे.

ग्रंथाचा रोख रासायनिक विरुद्ध सेंद्रिय या वादाकडे नाही. शंभर टन ऊस निघणाऱ्या रानात शेणखताने एकट्याने अन्नद्रव्यांची उचल भरून निघत नाही आणि सेंद्रिय कर्ब घटलेल्या जमिनीत गोणीचे खत पुरेसे लागू पडत नाही, हे दोन्ही गृहीत धरूनच विवेचन पुढे जाते. तसेच अनुदान एकदम काढून घ्यावे, असाही सोपा निष्कर्ष येथे नाही. खताचा भाव, उसाचा भाव, पाण्याचा दर आणि उताऱ्याचे पैसे हे चार धागे एकमेकांत गुंतलेले आहेत; त्यांतील एकच ओढला तर बोजा लहान बागायतदारावर जाऊन पडतो.

कृषी महाविद्यालयाचे विद्यार्थी, कारखान्यांचे ऊस विकास अधिकारी, सोसायट्यांचे सचिव, धोरण ठरवणारे आणि स्वतःची वही ठेवणारे शेतकरी असा वाचकवर्ग डोळ्यांसमोर आहे. गणित बेरीज-वजाबाकी आणि साध्या आलेखापलीकडे जात नाही. जेथे पुढे जाणे भाग पडले तेथे त्याचा अर्थ आधी शब्दांत सांगितला आहे. डोस किती द्यावा याचे एकच उत्तर ग्रंथ देत नाही. ते उत्तर रान, हंगाम, पाणी आणि भाव यांवर ठरते, आणि ते काढताना चारही ठिकाणचा खर्च धरला गेला आहे की नाही, हे तपासण्याची कसोटी ग्रंथ देतो.